मोगरीच्या साखळीचं कुलूप

चि. शिवांजली,
लोहाऱ्यात तुझ्या घरी सुखी ऱ्हा.

हे पत्र माझ्यानं पोष्टात टाकवणार न्हाय, तरी लिवते. तुझे अप्पा म्हणत्यात, सांगून टाक. मग त्यांनीच सांगावं की!

पुराच्या दिशी सकाळी सीना नदीचं पाणी गोठ्यात शिरलं तवा म्या सगळ्या जनावरांची दावी कापली. मोगरी तेवढी ऱ्हायली. गावात जनावरं चोरीला जायला लागली हुती. बाटलीनं दूध पाजून तू वाढवलेली गाय, ती जाऊ नये म्हणून म्याच तिला साखळीनं बांधून कुलूप लावलं हुतं.

किल्ली पदरालाच हुती, पोरी. पर कुलूप पाण्याखाली गेलेलं. चाचपून चाचपून लावली, पर भोकात गाळ बसलेला, किल्ली आत जाईना. मोगरी हंबरली न्हाय, नुसता माझा खांदा चाटत हुती. पाणी गळ्याला आलं तवा अप्पांनी मला वढून बाहेर काढलं.

काल तू फोनवर म्हणलीस, "आई, फोन तिच्या कानाला लाव, मला बोलायचंय."

म्या गोठ्यात गेले. साखळी अजून खुंट्यालाच हाय, कुलपासकट. तिथं फोन धरून हुबी ऱ्हायले.

तू लई येळ बोललीस.

तुझी आई