नर्सबाईंकडच्या दोन खोल्या

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा आमच्या खोलीत गिऱ्हाइकांचे शर्ट! गच्चीवरच्या दोऱ्या भरल्या म्हणे. पलंगावर आडवं झालं की वर नुसत्या बाह्या लोंबतायत. लग्नाला दीड वर्ष झालं आणि मी अजून परक्या पुरुषांच्या शर्टांखाली झोपते. हे वाक्य बाहेर कुठे बोलायची सोय नाही.

खाली लाँड्री, वर घर, मधे जिना. जिन्याला दार नाही, आमच्या खोलीला कडी नाही. सासरे सगळ्यांना कौतुकाने सांगतात, "आमच्या सूनबाईला कामावर जायला चपलासुद्धा लागत नाहीत!" खरंच लागत नाहीत. माझ्या चपला कुठे आहेत ते आज शोधावं लागलं.

५ फेब्रुवारी

आज नवऱ्याशी बोलायचंच ठरवलं होतं. दुपारी जेवून तो जरा पडला होता. मी दार लोटलं, जवळ बसले, म्हटलं, "असं किती दिवस चालायचं?" तो म्हणाला, "हळू बोल." मी हळू बोलले. तो म्हणाला, "अजून हळू." मग मी नुसते ओठ हलवले. तेवढ्यात दार उघडून सासूबाई आत. "वाळले का बघते गं." एकेक शर्ट चाचपत खोलीभर फिरल्या. आम्ही दोघं पलंगाच्या दोन टोकांना, वर्गात बाकावर उभं केल्यासारखे.

त्या वाईट नाहीत. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. बोलत नाहीत, टोचत नाहीत, सकाळी उठून बॉयलर लावतात आणि इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या राहतात. त्यांना बसलेलं मी फारसं पाहिलेलंच नाही.

७ फेब्रुवारी

खोल्या मिळाल्या!!

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. खाली एक नर्सबाई राहतात, एकट्याच. वरच्या दोन खोल्या त्यांना भाड्याने द्यायच्यात. तो डिलिव्हरीला म्हणून निघाला, मी दात दाखवायला म्हणून निघाले, आणि कोपऱ्यावर भेटलो. लग्नाच्या नवऱ्याला चोरून भेटण्यात काय मजा असते ते आज कळलं.

लहान आहेत खोल्या. स्वयंपाकघरात दोघं उभे राहिलो तर तिसऱ्याने बाहेर थांबावं. पण दाराला आतून कडी आहे. मी लावली. काढली. पुन्हा लावली. तो हसायला लागला, "अगं, झिजेल ती!" नर्सबाई खालून ओरडल्या, "सगळं ठीक आहे ना वर?" आम्ही इतके हसलो की उत्तर देता येईना.

एक तारखेपासून आमच्या. आधी रंग काढून देणार आहेत. मीही जुन्या ऑफिसात फोन केला. लग्नाआधी जिथे टायपिंग करत होते, तिथे. "या की," म्हणाले. लाँड्रीत "थोडे दिवस हात लाव" असं सांगून मला ती नोकरी सोडायला लावली होती. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत.

राहिलं एकच. त्याने बाबांना सांगायचं. "रविवारी सांगतो," म्हणाला. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी म्हटलं, माझ्या नको, स्वतःच्या डोक्यावर ठेव.

९ फेब्रुवारी, रविवार

नाही सांगितलं.

दुकान बंद, पण रविवारी मशीन उघडून साफ करायची असतात. बापलेक दोघं मशीनमध्ये डोकं घालून बसले होते. मी चहा घेऊन गेले, खाकरले, डोळ्यांनी खुणावलं. याने घसा साफ केला. "बाबा, जरा बोलायचं होतं." सासऱ्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. हात छातीवर नेला आणि म्हणाले, "सकाळपासून इथे कळ येतेय रे." संपलं!

नणंदेला शिकायला बाहेरगावी जायचं होतं तेव्हाही अशीच कळ आली होती. शेवटी तिने लग्न करून सुटका करून घेतली. मुलीला ती वाट असते. मुलाला कुठली?

मी त्याला वर आल्यावर विचारलं, "डॉक्टरांना दाखवूया का बाबांना?" तो म्हणाला, "त्यांना काही झालेलं नाही, मला माहितीये." मग? "पण खरंच झालं तर?" या एका प्रश्नावर हे घर उभं आहे.

११ फेब्रुवारी

त्याने नवीन शक्कल काढली. आधी सामान हलवू, मग सांगू. म्हणजे माघार घेता येणार नाही. मला पटलेलं नाही, पण त्याचं डोकं निदान चालतंय!

अडचण अशी, की या घरातून हातात पिशवी घेऊन निघालं की गल्ल्यावरून विचारणा होते. "कुठे? कधी येणार? येताना साबण बघ." पण खाकी कागदात बांधलेलं गाठोडं घेऊन गेलं तर कुणी मान वर करत नाही. दिवसभर तेच तर चाललेलं असतं. तेव्हा आमचे कपडे गिऱ्हाइकाच्या गाठोड्यासारखे बांधायचे आणि डिलिव्हरीबरोबर न्यायचे.

कपडे काढताना पुन्हा त्या खुणा दिसल्या. आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी खूण असते, कॉलरच्या आत धुऊनही न जाणाऱ्या शाईने घातलेली. घरच्यांची खूण म्हणजे गोल आणि मधे टिंब. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी माझे सगळे कपडे पुढ्यात घेतले आणि एकेकावर गोल-टिंब, गोल-टिंब. "नाहीतर परक्यात मिसळतात गं." तेव्हा मला भरून आलं होतं. आपल्याला घरात घेतलं असं वाटलं होतं. आज कपाटातला एकही कपडा बिनखुणेचा सापडला नाही. रुमालसुद्धा!

१४ फेब्रुवारी

पहिलं गाठोडं गेलं. त्याचे चार चांगले शर्ट, माझे कपडे, लग्नात मिळालेल्या कोऱ्या चादरी, आणि मी चोरून शिवलेले पडदे. वर रंगारी होते म्हणून त्याने ते नर्सबाईंच्या दाराशी खुर्चीवर ठेवलं. त्या ड्युटीवर होत्या.

"कुणी बघितलं?" "कुणी नाही." दोघंही दिवसभर उगाच गोड बोलत होतो सगळ्यांशी. सासरे म्हणाले, "आज काय विशेष?"

१५ फेब्रुवारी, शनिवार

 सगळं क्रमाने लिहिते.

अकराच्या सुमाराला दुकान भरलेलं. मी पावत्या फाडत होते. बघते तर दारात नर्सबाई! आणि काखेत आमचं गाठोडं!  मी सरळ टेबलाखाली वाकले, पडलेलं काहीतरी शोधतेय असं दाखवत.

"तुमच्या लाँड्रीचं गाठोडं चुकून माझ्या दारात टाकून गेलं कुणीतरी," त्या सासऱ्यांना सांगत होत्या. "कागदावर पत्ता होता म्हणून आणून दिलं. कुणाचं तरी अडलं असेल बिचाऱ्याचं."

इतक्या भल्या बाईला काय म्हणावं! आणि त्याला काय म्हणावं? पळून जायचे कपडे, आणि बांधले कशात, तर दुकानाचं नाव-पत्ता छापलेल्या कागदात! वर सवयीने आमच्या दुकानाची ती ठरलेली गाठ मारलेली. मी तरी कुठे शहाणी? कागद मीच कापून दिला होता.

सासऱ्यांनी गाठोडं सोडलं, कुणाचं ते बघायला. कॉलर उलटली. गोल-टिंब. चादर उलटली. गोल-टिंब. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे तर घरचे..."

तेवढ्यात इस्त्री बाजूला ठेवून सासूबाई आल्या. कपडे बघितले. पडद्यावर हात फिरवला. टेबलाखाली मला बघितलं. अगदी सरळ डोळ्यांत! मग सासऱ्यांना म्हणाल्या, "माझीच चूक. घरचे धुवायला काढले होते, गिऱ्हाइकाच्या ढिगात गेले." सासरे करवादले, "लक्ष कुठे असतं तुझं?" त्यांनी कपडे गोळा केले. नर्सबाईंना म्हणाल्या, "उन्हातून आलात, पाणी तरी घ्या," आणि त्यांना आतल्या बाजूला घेऊन गेल्या. बऱ्याच वेळाने नर्सबाई बाहेर आल्या. जाताना त्यांनी मला ओळखलं. नुसती मान हलवली.

१६ फेब्रुवारी

सगळे कपडे कडक इस्त्री होऊन परत कपाटात. पडदेसुद्धा. सासूबाई बोलत नाहीत. मी बोलत नाही. तो तर मूग गिळूनच जन्माला आलाय.

मला वाटतं, आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं. एक घाव नि दोन तुकडे. आता रोज जिना उतरायचा आणि त्यांच्या शेजारी उभं राहून पावत्या फाडायच्या. त्या वाफेआड असतात, त्यांच्या मनात काय चाललंय काही कळत नाही.

१८ फेब्रुवारी

आज धीर करून त्यांच्यापाशी गेले. "आई, ते परवाचं..." त्या म्हणाल्या, "बाही धर जरा." मी बाही धरली. त्यांनी इस्त्री फिरवली. मग अचानक विचारलं, "दुपारचं ऊन येतं का गं तिथे?"

मी गडबडले. म्हटलं, "सकाळचं येतं. दुपारी सावली असते."

"बरं," म्हणाल्या. "दुसरी बाही दे."

वर येऊन मी रडले. इतकी वाईट मी कधी दिसले नसेन स्वतःला. त्यांना सगळं माहीत आहे, तरी झाकलं, आणि आम्हाला ऊन लागू नये याची काळजी करतायत! अशा माणसाला सोडून जायचं? या बाईच्या चांगुलपणानेच माझे पाय बांधलेत.

२० फेब्रुवारी

कडाक्याचं भांडण. कुजबुजत. आमची भांडणंसुद्धा हलक्या आवाजात होतात!

तो म्हणाला, "या वेळी राहू दे. आईला काय वाटलं असेल विचार कर." मी म्हटलं, तोच तर विचार करून मी अर्धी झालेय. पण आता राहिलं तर कायमचंच राहिलं. तुझ्या आईकडे बघ, मी आणखी तीस वर्षांनी तिथेच उभी असेन. तो म्हणाला, "आईला काय झालंय? ती तर कधी तक्रारसुद्धा करत नाही."



नंतर जवळ येऊन बसला. "तुला माझी लाज वाटते ना?" मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मला तो आवडतो, हीच तर गोची आहे. नसता आवडत तर केव्हाच चपला शोधून निघाले असते.

२१ फेब्रुवारी

नर्सबाईंचा दुकानात फोन. मी उचलला. "सासूबाईंना द्या." कशाबद्दल? "दवाखान्याच्या चादरींचं काम आहे." सासूबाईंनी फोन कानाला घट्ट लावला. हं. हं. चालेल. सासरे खूश, मोठं गिऱ्हाईक मिळणार म्हणून! माझा जीव टांगणीला. आमच्याबद्दल काही बोलल्या असतील का?

२२ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं. म्हणजे, त्याने ठरवलं आणि मी मान डोलावली. उद्या सकाळी तो नर्सबाईंकडे जाऊन खोल्या नकोत म्हणून सांगून येणार. ऑफिसात मी फोन केला, येत नाही म्हणून. त्यांनी "हरकत नाही" म्हटलं, इतक्या सहज की मला तेवढंही लागलं.

संध्याकाळी आमच्या खोलीत पुन्हा ओले शर्ट आणून टाकले. सासूबाई म्हणाल्या, "आजच्या दिवस वाळत घाल गं." मी घातले. आजच्या दिवस! जसं काही उद्या गच्चीवरच्या दोऱ्या वाढणार आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

रविवारीही घरच्या कपड्यांसाठी बॉयलर लागतो, पण आज सकाळी तो गार होता. सासूबाई घरात नव्हत्या. बाजारात गेल्या असतील म्हटलं.

तो नर्सबाईंकडे जाऊन आला आणि जिन्यातच बसला. "आई तिथे आहे." कशाला? "राहायला. वरच्या खोल्यांत. उद्यापासून दवाखान्याच्या धुलाईत कामाला जाणार आहे. इस्त्रीचंच काम. म्हणते, पण पाच वाजता सुटी असते." मग म्हणाला, "मी दार वाजवलं तर आतून कडी होती."

मला हसू आलं. मग राग आला, भयंकर राग! त्या खोल्या माझ्या होत्या!

"माझ्यासाठी काही निरोप?"

"म्हणाली, तिला सांग, रागावू नकोस. माझा नंबर आधीचा होता."

खालून सासरे हाक मारतायत. त्याला नाही. मला.