आत्याच्या पायांखालचं अंगण

लक्ष्मी गेट, झाशी
३ मार्च

ती. लीलाआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पायाचं गजाननदादाने सांगितलं. तू सांगितलं नसतंस. तू घसरलीस ते अंगण मी बाबांचा विरोध असताना दुरुस्त केलं आहे. त्यांनी फरशीवर दिलेल्या इपॉक्सीच्या गुळगुळीत लेपाची चमक घासून मोडली. नवा थर ओला असतानाच त्यावर वाळू पेरली, वाळल्यावर सुटी वाळू झाडली आणि वरून एकच पातळ थर दिला. साबणाचं पाणी ओतून अनवाणी चालले. घसरले नाही.

बाबा नाराज आहेत. मानिक चौकातली माणसं अंगण बघायला यायची, कोणी शीशमहल म्हणालं होतं. आता मी त्याची किसणी केली म्हणतात.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तू घरी हवीस. बायकांशी गोड बोलणं मला जमत नाही.

कामापुरतं लिहिणारी, तरी तुझीच,
शाल्मली


समथर
९ मार्च

चि. शाल्मलीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ‘ठीक’ म्हणून ठेवतेस, म्हणून लिहिते. वाळूची खुशाली कळली, तुझी कळव. पुन्हा पडलात तर काठीनेही चालणं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. गजानन म्हणतो, आता आमच्याकडेच राहा. पण लेकाच्या घरीही मी पाहुणीच गं, भाजीसुद्धा निवडू देत नाहीत.

काल मधूचा, तुझ्या बाबांचा, फोन आला. माझ्या तळव्यांना वाळू टोचू नये म्हणून, तू भोपाळला गेल्यावर त्याने कारीगर भैयाकडून आणखी दोन थर मारून घेतले. तुला सांगायचं नाही म्हणे. माझ्या पायांचा विचार त्याने जन्मात पहिल्यांदा केला. गुरुवारी येते.

रागावलीस तरी जेवून घे,
आत्या


झाशी
१६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुरुवारी निघू नकोस, एवढंच फोनवर म्हटलं. बाबा शेजारीच बसले होते. वाळूचे कण वर डोकावत असतील, तरच पाय धरून ठेवतात. बाबांच्या मायेखाली ते बुडाले. मी परतले त्या सकाळी बाबा तुळशीला पाणी घालायला गेले आणि तांब्यासकट खाली बसले. हाडं शाबूत आहेत. तुळस नीट बघायला बसलो, म्हणाले. बराच वेळ बघत होते. उठवायला गेले, तेव्हा ताई इथेच पडली का, असं हळूच विचारलं. मी हो म्हटलं.

मग कारीगराला त्यांनीच बोलावलं. सगळं पुन्हा केलं, वाळू स्वतः पेरली. साबणाच्या पाण्यावर या वेळी तेच आधी चालले. संध्याकाळी घरात बोलायला कोणी नसतं, असंही ते म्हणतात. मी फक्त कळवते.

हातभर जागा तरी चकचकीत राहू दे, अशी त्यांची विनंती होती. राहू दिली. तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे.

आता ये.

मी बरी आहे, तू विचारलंस म्हणून.
शाल्मली