आजोबांची दोन बोटं

कुनोय, फेरो बेटं
४ सप्टेंबर

चि. सुन्वास, आजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कोपनहेगनचा पाऊस, तुझी परीक्षा, सगळं आजोबांना वाचून दाखवलं. आजोबांनी विचारलं, यात प्रश्न कुठे आहे? लहानपणी प्रत्येक पत्रात एक प्रश्न पाठवायचीस: देवमासा झोपतो कसा, मेंढीला वरचे पुढचे दात का नाहीत. म्हातारा आठवडाभर घोळवून उत्तर सांगायचा, मी लिहायचे. निम्मं खोटं असायचं. आता म्हणे फोन सांगतो. सांगू दे बापडा. पण आजोबांची छाती घरघरते आहे, आणि कॉडची जागा, समुद्रात तो मासा हमखास कुठे लागतो ती, अजून त्यांच्या पोटातच आहे. आपल्याकडे ती मागितल्याशिवाय देत नाहीत. तुझ्या बापाने मागितली नाही, त्याला होडीत ओकाऱ्या होतात. तू एक ओळ लिहून माग.

जीव लावून असणारी,
आजी

कोपनहेगन
१५ सप्टेंबर

ती. आजीस, सा. न.

समुद्राच्या तळाचा अख्खा नकाशा फोनवर आहे गं. कुठे किती खोल, कुठे खडक, बोट लावलं की दिसतं. आजोबांना कशाला दमवायचं? नाताळात येऊन दाखवीन. माझ्यासाठी वाळवलेलं मटण ठेव, आणि माया पातळ करू नकोस.

तुझी सुन्वा

कुनोय
२६ सप्टेंबर

चि. सुन्वास, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना मी मधेच एक प्रश्न घुसवला: आजोबा, कॉडची जागा कशी ओळखायची? म्हातारा हसला. म्हणाला, हा सुन्वाचा नव्हे, तिच्या एका प्रश्नामागे दुसरा उभा असतो. तुला हवी असेल तर तुझ्या नावाने माग. मी म्हटलं, मला काय करायचंय कॉडचं, मी तो कापते तेवढं पुरे. आता ते जेवत नाहीत. लवकर लिही.

आजी

कोपनहेगन
६ ऑक्टोबर

ती. आजोबांस, सा. न.

नकाशा उघडून बसले होते. सगळीकडे खोली दिसते, तुमची होडी कुठे थांबायची ते दिसत नाही. कॉडची जागा कशी ओळखायची? आणि तुम्ही ती कुणाकडे मागितलीत? उत्तर निम्मं खोटं असलं तरी चालेल.

तुमची सुन्वा

कुनोय
१९ ऑक्टोबर

चि. सुन्वास, आशीर्वाद.

फोनवर तुझ्या बापाने सांगितलं ते तेवढंच. बाकीचं ऐक. सोमवारी झटका आला, वाचा गेली. बुधवारी तुझं पत्र आलं. दुसऱ्या प्रश्नाला त्यांचे डोळे हसले. मग हात उचलून एक बोट उभं धरलं, आणि दुसरं सरकवत त्याच्या आड नेलं. म्हणजे किनाऱ्यावरची एक खूण दुसरीच्या आड गेली की नांगर टाकायचा. पण कुठल्या खुणा? मी चर्चचा मनोरा म्हटलं, नावेची खोपटी म्हटली, एकेका डोंगराचं नाव घेतलं. मान हलली नाही. शुक्रवारी गेले.

पाद्रीणबाईंनी त्यांच्या फोनला विचारून पाहिलं. त्याने उलट मलाच विचारलं, होडी विकत हवी का.

होडी आहे. नाताळात ये, मी वल्हवीन, तू किनारा बघ. सापडणार नाही, हे तुलाही माहीत आहे.

एक्कावन्न वर्षं तो हात माझ्या ताटाशेजारी होता, सुन्वा. मी विचारलं एकदाच, आणि तेही तुझ्या नावाने.

येताना प्रश्न घेऊन ये. कुठलाही.

तुझी आजी