तालमीचं अंगण

बाई, सातवीतली एक मुलगी गॅदरिंगपासून शाळेत येत नाहीये आणि त्याला कारण मी आहे. हे मी मुख्याध्यापकांना सांगितलेलं नाही, घरी नवऱ्यालाही नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली म्हणून तुम्हाला सांगायचं धाडस करते आहे. तुम्ही असता तर तुमच्या दारातूनच परत फिरले असते. आपल्याच शाळेत, तुमच्याच जागेवर, आता गाणी, नाटक, चित्रकला सगळं मी बघते. लोक म्हणतात, बाईंचं काम पुढे चालवतेस. मी हसून वेळ मारून नेते.

तुम्ही मात्र नाटकाची तालीम शाळेत घेतच नव्हता. शाळा सुटली की आम्हा पोरींना घरी विड्या वळायला बसावं लागायचं, तालमीला कोण सोडणार? दोन दिवस तुम्ही रिकाम्या हॉलमध्ये वाट बघितलीत आणि तिसऱ्या दिवशी वही घेऊन सरळ आमच्या अंगणात आलात. अजून दिसतं मला. अम्मा ओल्या पानांवर पत्र्याचा साचा ठेवून कात्री चालवते आहे, शेजारणी मांडीवर सूप घेऊन बसल्या आहेत, तंबाखूचा खकाणा उडतो आहे आणि तुम्ही नाकाला पदर लावून उंबऱ्यावर टेकला आहात. "हात थांबवू नका, तोंडं चालवा," म्हणता. आम्ही विड्यांची तोंडं दुमडत वाक्यं म्हणतो. अम्माला मराठी वाचता येत नव्हतं, घरात आम्ही तेलुगूच बोलायचो. पण महिनाभरात तिला, पलीकडच्या खालाला आणि कोपऱ्यावरच्या कानडी अक्काला अख्खं नाटक पाठ झालं. एरवी नळावर एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या या बायका. आता कुणाची पोरगी अडली की तिघी एकदम वाक्य पुरवायच्या आणि वरून आम्हालाच दम द्यायच्या.

गॅदरिंगच्या दिवशी मी राजापुढे उभी राहिले. "महाराज, विहीर तुमची असेल..." आणि पुढचं गुल. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून अम्माचा आवाज आला, "पन तहान आमची हाय!" मागोमाग खाला, अक्का, सगळ्याच. हॉल खदखदून हसला. नाटक पुढे गेलं खरं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला येऊन सांगितलं, पुढच्या वर्षी अम्माला बोलावू नका. तुम्ही हजेरीपटावरून मान वर केलीत. "नाटक तुझं नव्हतंच," म्हणालात. "त्या बायकांनी केलं. तू नुसती उभी होतीस. जा, वर्गात बस." महिनाभर मी तुमच्याशी धड बोलले नाही. फार पुढे अम्मा गेली, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या आधी त्याच बायका आल्या. खाला तिच्या पायाशी दिवसभर बसून होती. तुम्ही काय करून ठेवलं होतंत ते मला त्या दिवशी कळलं, पण सांगायला तुम्ही नव्हता.

कळून उपयोग काय झाला? यंदा नाचांसाठी बाहेरून कोरिओग्राफर आणला. नाटक मी लिहिलं आणि वाक्यं पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली: पाठ करून घ्यावीत. खाली वर केलेल्या अंगठ्यांची रांग लागली. तालमी मधल्या सुट्टीत उरकल्या. एकाही घरी मी गेले नाही. गॅदरिंगच्या दिवशी ती मुलगी पुढे आली आणि पहिल्याच वाक्याला अडकली. समोर सगळे फोन वर धरलेले. कुणालाच वाक्य माहीत नव्हतं, कोण सांगणार? मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळे हसले. अम्माच्या वेळचं हसणं ते नव्हे. ती फ्रॉक मुठीत धरून उभी. शेवटी कोरिओग्राफरने पुढच्या नाचाचं गाणं लावून टाकलं. घरी पोचेपर्यंत तिचा व्हिडिओ ग्रुपवर फिरत होता.

काल मी तिच्या घरी गेले. आई टॉवेलच्या कडा शिवत होती. "या की बाई, बसा की," म्हणून तिने मशीन थांबवलं, चहा टाकला. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. "आमाला वाचाय येत न्हाय बाई," आई म्हणाली. "फोनवर काय आलतं, कुनी वाचून दाखवलं न्हाय. नाईतर मी घेतलं असतं की पाठ करून." मग अगदी साधेपणाने तिने विचारलं, "तुमाला तर समदं येत असंल की. तुमी कुटं व्हता?"

मी म्हणाले, मागे होते, लाइट बघत होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहून होतंय. बाई, मी विंगेत होते, तिच्यापासून तीन हातांवर. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा. पण शाळेच्या पेजसाठी माझ्या फोनवर शूटिंग चालू होतं आणि मी बोलले असते तर त्यात माझा आवाज आला असता.