मागच्या भिंतीपाशी बसणारे मामा

कोलोन, ९ मार्च २०१४

ती. नागेशमामा,

मीनलचा नमस्कार. मामींनाही सांगा. इथे सगळं ठीक. कार्निव्हल परवाच संपला, रस्त्यावरचे रंगीत कागद अजून बुटांना चिकटतात. तुमचा खोकला कसा आहे? मी फोन केला की मामी म्हणतात, "हे बाजारात गेलेत," आणि मागून तुमचा खोकला ऐकू येतो. तीन वर्षं तुम्ही बाजारातच आहात, मामा!

असो. प्रबंध संपत आला. विषय तुम्हाला कधी नीट सांगितलाच नाही. अलास्काच्या किनाऱ्यावर त्लिंगित म्हणून लोक आहेत, त्यांच्या पूर्वजांची घरं. शेती नाही. साल्मन मासा पकडायचा, सुकवायचा, वर्षभर खायचा. शेती नाही म्हणजे सगळे सारखेच असणार, असं आपल्याला वाटतं. कसलं काय! एकेका लाकडी घरात चार-पाच कुटुंबं, आणि कोणी कुठे बसायचं ते ठरलेलं. मानपान तर आपल्या लग्नांना लाजवेल असा.

त्यात मी एक घोळ घातला. एका घरात मागच्या भिंतीपाशी मणी, तांब्याचे तुकडे असं चांगलंचुंगलं सापडलं होतं, आणि दाराशी माशांची हाडं. मी बिनधास्त लिहून टाकलं की मागे स्वयंपाकघर, मणी बायकांचे, आणि घरचा मुख्य पुढे दाराशी. काय करणार, डोळ्यांसमोर कराडचं घर! दाराशी तुमची खुर्ची नि पेपर, आत मामी. आमच्या प्रोफेसरबाई पोट धरून हसल्या. त्या लोकांत दाराजवळ कमी मानाची माणसं, आणि मुख्य बसायचा अगदी आत, मागच्या भिंतीपाशी. अख्खं प्रकरण पुन्हा लिहिलं.

आणि त्या मुख्याचं घर मुलाकडे नाही, भाच्याकडे जातं. भाच्याला लहानपणीच मामाकडे पाठवतात, मामाच त्याला घडवतो. हे टाइप करताना मी लायब्ररीत रडले, मामा. बाबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची. तुम्ही आम्हा मायलेकींना घेऊन आलात, सायकल शिकवलीत, शाळेच्या फॉर्मवर सही केलीत. आई गेल्यावर तर तुम्हीच सगळं.

आणि मी काय केलं? साखरपुडा झालेलं लग्न मोडलं, आणि टेबलावर चिठ्ठी ठेवून इकडे निघून आले. मोडल्याचा मला पश्चात्ताप नाही. तुमच्यासमोर उभं राहून सांगितलं नाही, त्याचा आहे. फार आहे.

माझ्या प्रबंधातले घरांचे नकाशे टोबियास काढतो. शांत स्वभावाचा आहे. वरणभात हाताने खायला शिकलाय, पण डावखुरा, त्यामुळे रोज माझी बोलणी खातो. आल्झो (इथलं 'तर मग'), सांगून टाकते. २३ मे, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता आम्ही श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे इथल्या नोंदणी कचेरीत, लग्न करतोय. मी सुखात आहे, मामा. खरंच.

तिथे अंतरपाट नाही, भटजी नाहीत. 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' असं पुकारायलाही कोणी नाही. म्हणून मीच पुकारतेय, अडीच महिने आधी. खोलीत सगळ्यांत आतली खुर्ची तुमच्यासाठी ठेवायला सांगितलीय. टोबियासने त्या खोलीचाही नकाशा काढून त्यावर खूणसुद्धा केलीय.

तुम्ही घेऊन जायला येईपर्यंत दाराशीच थांबलेली,

तुमची भाची
मीनल