घायपाताची टोकं

४ मार्च
घायपाताच्या मधोमध काहीतरी वर आलंय. मनगटाएवढं जाड. काल नव्हतं — की मीच पाहिलं नाही? पानांच्या पिवळ्या कडा तशाच झकास. टोकं परत वाढली होती, नेलकटरनं उडवली. लेक रांगायला लागली तेव्हा बायकोनं ही सवय लावली. ही जाऊन चार वर्षं झाली, लेक घर सोडून तीन. आता कुणाला टोचणार आहे? तरी कापतो.

५ मार्च
वीतभर वाढलं!

७ मार्च
रोपवाटिकेतल्या माळ्याला गाठलं. म्हणाला, "काका, फुलायला आलंय. एकदाच फुलतं, मग झाड संपलं. खाली मुळाशी पिल्लं फुटली असतील की."

नाहीत. कुंडी मोकळी राहिली की पानांचे पिवळे पट्टे उठून दिसतात, म्हणून हीसुद्धा पिल्लं काढायची, पण लोकांना द्यायची. मी उपटून सरळ कचऱ्यात टाकत आलो. चार वर्षं. अक्कल गहाण टाकली होती मी.

कामावर, बाइंडिंगच्या टेबलावर, आज पुस्तकाचे दोन छापील फर्मे उलटे दुमडले. मालकानं ते काढून बाजूला ठेवले.

११ मार्च
हिनं ज्यांना पिल्लं दिली त्यांची दारं वाजवून आलो. शिंप्याचं पार हिरवं झालंय, एक पट्टा उरला नाही. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी रोज तांब्याभर पाणी घालून कुजवलं. "जीव लावला हो मी," म्हणाल्या.

१२ मार्च
दांडा करवतीनं कापला. वाटलं, वाचेल. माळी म्हणतो, काही उपयोग नाही.

हिच्या हातचं घरात दुसरं काही जिवंत नाही.

२ जून
खालची पानं लोळली. लेकीला सांगायला हवं — आईचं झाड आहे. फोन उचलला, ठेवला. तिनं निवडलेला मुलगा मला पसंत नव्हता, लग्नाला गेलो नाही. आता कुठल्या तोंडानं बोलू?

३ जून
केला फोन. झाड जातंय, एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "माझ्याकडे आहे एक. पट्ट्यांचंच. मी निघाले त्या दिवशी तुमच्या कचऱ्याच्या बादलीतून उचललं."

मी फोन ठेवून दिला.

४ जून
आज तिचाच फोन. "बाबा, आई टोकं किती कापायची हो? रांगायला लागलीये."

"कोण?" मी विचारलं.

मला नात आहे.