कार्ड आणायला जाताना

ती. बाबा,

कुलरच्या खसाच्या ताटीतून गाळून आलेलं सकाळचं ऊन आधी तुमच्या वर्तमानपत्रावर रेंगाळलं, मग फरशीवरून सावकाश सरकत टेबलाखालच्या उघड्या कॉम्प्युटरमध्ये शिरलं. आतल्या पंख्यावरची धूळसुद्धा त्यात देखणी दिसते आहे. तुम्ही फिरून येण्याआधीच निघतो, कारण समोरासमोर हे मला सांगता येणार नाही.

उमरेडचा एक मुलगा त्याचं वापरलेलं ग्राफिक्स कार्ड स्वस्तात देतो आहे. साडेसातच्या एसटीनं जातो, जेवायला घरी येईन. तोवर ती धूळ मऊ ब्रशनं झाडून ठेवाल का? प्लग काढून ठेवला आहे.

तुम्ही निवृत्त होईपर्यंत आपलं बोलणं 'जेवलास का' याच्या पुढे क्वचितच गेलं. गेले चार महिने मात्र रोज संध्याकाळी आपण शेजारी बसून नेटवर कार्डं पाहिली. तुम्ही आईच्या शिवणाच्या टेपनं कॅबिनेट मोजलंत, आणि मी एक कार्ड लांब म्हणून, दुसरं फार तापतं म्हणून नाकारत राहिलो. "अबे पुष्कर, कार्ड पाहून राहिला का पोरगी? आता हिले काहून नापास केलं गा?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा आई पोळ्या लाटता लाटता हसली होती.

कार्ड आलं की त्या संध्याकाळी संपतील, ही धास्ती होती. आता येताना गेम खेळायचे दोन कंट्रोलर आणतो. कॉम्प्युटरवरच्या गाड्यांच्या शर्यतीला दोघं लागतात.

आणतो आहे ते कार्ड तुम्ही पहिल्याच दिवशी सुचवलेल्या मॉडेलचं आहे. तेच योग्य होतं, आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं.